चिठ्ठीशिवाय गोळी न देणारे मेडिकल : अमळनेरच्या एका औषध दुकानाचे परीक्षण

अमळनेरच्या बाजारपेठेत औषधांची दुकाने पावलोपावली आहेत आणि ताप-खोकल्याचे औषध हवे असेल तर त्यांपैकी कोणतेही चालते. चिंतेच्या विकारावरील औषधांचे तसे नाही. ही औषधे महिनोन्‌महिने घ्यावी लागतात, त्यांतील काहींची सवय लागते, काही एकदम बंद केली तर त्रास होतो, आणि घेणारा माणूस बहुधा कोणाला काही विचारण्याच्या मनःस्थितीत नसतो. माझी स्वतःची आणि माझ्या सासऱ्यांची अशी औषधे ज्या दुकानातून मी घेते, त्याविषयी हे परीक्षण आहे. दुकानाचे नाव लिहू नये, अशी तेथील फार्मासिस्टांची विनंती आहे, कारण त्यांच्या म्हणण्यानुसार भांडायला येणारे गिऱ्हाईक आधीच पुष्कळ आहे. त्यामुळे हा मजकूर एका दुकानाची शिफारस म्हणून न वाचता, आपल्या गावातले मेडिकल कसे जोखावे यासाठी वाचला तरी चालेल.

माझे मत आधीच सांगते. गावात ज्या गोष्टीसाठी या दुकानाला नावे ठेवली जातात, ती म्हणजे चिठ्ठी नसेल तर गोळी नाकारणे, तीच या दुकानाची सर्वांत मोलाची सेवा आहे. बाकी सोयींच्या बाबतीत दुकान मध्यम आहे आणि एका बाबतीत तर चक्क कमी पडते. त्याविषयी पुढे लिहीनच.

चिठ्ठी हातात आल्यावर फार्मासिस्ट काय करतात, हे काउंटरपाशी उभे राहून पाहण्यासारखे आहे. चिठ्ठी उजेडाकडे धरून ते आधी तारीख पाहतात, मग डॉक्टरांची सही व नोंदणी क्रमांक, मग रुग्णाचे नाव आणि वय. त्यानंतर औषधाच्या प्रत्येक ओळीखाली बोट धरून नाव, मिलिग्रॅम, वेळ आणि दिवस अशा क्रमाने हळू आवाजात वाचतात. गोळ्या काढून झाल्या की डॉक्टरांच्या सहीच्या वर दुकानाचा शिक्का मारून तारीख घालतात. हा शिक्का हा निव्वळ दुकानाचा रिवाज असावा, असे मला पुष्कळ दिवस वाटत होते. प्रत्यक्षात १९४५ च्या औषध नियमांमध्येच तो सांगितलेला आहे. विक्रेत्याचे नाव, पत्ता आणि औषध दिल्याची तारीख चिठ्ठीवर सहीच्या वर लिहिली गेली पाहिजे, आणि डॉक्टरांनी 'पुन्हा द्यावे' असे स्वतः लिहिलेले नसेल तर त्या चिठ्ठीवर औषध एकदाच देता येते. एकाच जुन्या चिठ्ठीची घडी पाकिटात ठेवून चार दुकानांतून गोळ्या गोळा करण्याचा जो प्रकार सर्रास चालतो, त्याला हा एवढासा शिक्का अडसर घालतो.

अल्प्राझोलाम आणि डायझेपाम या चिंतेवरच्या, सवय लागणाऱ्या गोळ्यांसाठी याहून कडक व्यवस्था आहे. ही औषधे 'शेड्यूल एच वन' या यादीत येतात. ही यादी २०१३ मध्ये अधिसूचित झाली आणि १ मार्च २०१४ पासून लागू झाली. या यादीतील औषध देताना डॉक्टरांचे नाव व पत्ता, रुग्णाचे नाव, औषधाचे नाव आणि दिलेली संख्या हे सर्व वेगळ्या वहीत लिहावे लागते व ती वही तीन वर्षे जपून ठेवावी लागते. या दुकानात ती वही गल्ल्याच्या बाजूलाच असते आणि तुमच्यासमोर भरली जाते. क्लोनाझेपाम या यादीत नसले, तरी तेही चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. पाकिटाच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात लाल अक्षरांत 'एनआरएक्स' अशी खूण दिसली, तर ते औषध १९८५ च्या गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियमाच्या कक्षेत येते, असे समजावे. घरातल्या घरात 'झोपेची साधी गोळी' म्हणून शेजारणीला एखादी देऊन टाकणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांनी तो कोपरा एकदा तरी पाहावा.

हे सगळे केवळ कागदी सोपस्कार आहेत, असे कोणी म्हणेल, म्हणून सासऱ्यांचा प्रसंग सांगते. त्यांच्या चिठ्ठीवर क्लोनाझेपामपुढे डॉक्टरांनी '.५' लिहिले होते आणि आधीचे शून्य लिहिलेले नव्हते. बिंदूही पुसट होता. फार्मासिस्टांनी गोळी काढण्याआधी दवाखान्यात फोन करून अर्ध्या मिलिग्रॅमची खात्री करून घेतली. मग मला विचारले, "ताई, बाबा रात्री उठतात का? बाथरूम घरात आहे की मागे अंगणात?" आमचे घर जुन्या पद्धतीचे, ओटा उतरून मागे जावे लागते. हे ऐकल्यावर त्यांनी सांगितले की वयस्कर माणसांत या प्रकारच्या गोळ्यांनी तोल जातो, गोंधळल्यासारखे होते आणि पडून खुब्याचे हाड मोडल्याचे प्रकार घडतात. म्हणून रात्री दिवा लावून ठेवा, सोबत कोणी तरी जा, आणि ही अडचण पुढच्या भेटीत डॉक्टरांच्या कानावर घाला. आम्ही ती घातली आणि डॉक्टरांनी पुढे ती गोळी टप्प्याटप्प्याने कमी करून थांबवली. घरातले बाथरूम कोठे आहे, हा प्रश्न तोवर आम्हाला कोणीच विचारलेला नव्हता.

आता नाकारण्याविषयी. एकदा माझ्या पुढे पारोळ्याकडच्या एका खेड्यातून आलेले पन्नाशीचे गृहस्थ उभे होते. त्यांनी खिशातून अल्प्राझोलामच्या पाकिटाचा कापलेला तुकडा काढला आणि म्हणाले, "भाऊ, मन्ही नींदनी गोयी दे," म्हणजे माझी झोपेची गोळी दे. चिठ्ठी नव्हती. इतके दिवस दुसऱ्या एका दुकानातून ते ती गोळी अशीच, तुकडा दाखवून, घेत होते आणि त्या दिवशी ते दुकान बंद होते. फार्मासिस्टांनी गोळी देण्यास नकार दिला. मात्र नकारावर ते थांबले नाहीत. "जिभाऊ, केव्हापासून घेता? दिवसाला किती? काल घेतली होती का?" असे त्यांनी एकामागून एक विचारले. गृहस्थांनी सांगितले, त्यावरून गोळी बऱ्याच काळापासून रोज चालू होती आणि एकाच्या जागी दोन झाल्या होत्या. हे ऐकून फार्मासिस्टांनी जवळच्या एका डॉक्टरांना फोन लावला आणि संध्याकाळची वेळ मिळवून दिली. एका कोऱ्या कागदावर गोळीचे नाव, मिलिग्रॅम, रोजची संख्या आणि शेवटची गोळी केव्हा घेतली हे लिहून तो कागद त्यांच्या हातात ठेवला. तरीही ते गृहस्थ चिडूनच गेले, आणि त्यांच्या बाजूने पाहिले तर तो राग अगदीच अनाठायी होता असे मला म्हणवत नाही.

कारण या प्रकारच्या औषधांत, ज्यांना बेंझोडायझेपिन म्हणतात, नुसता नकार हाही धोक्याचा असतो. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम ही या कुळातली नावे. अर्ध्या-पाऊण तासात जीव शांत करण्याचा त्यांचा गुण खरा आहे आणि घबराटीचा झटका आलेल्या माणसाला त्यांची किंमत विचारावी. परंतु काही आठवडे रोज घेतल्यावर शरीर त्यांना सरावते, तेवढ्याच गोळीचा परिणाम कमी वाटू लागतो आणि माणूस आपण होऊन प्रमाण वाढवतो. म्हणूनच सर्वसाधारणपणे ती दोन ते चार आठवड्यांपुरती, कमीत कमी प्रमाणात द्यावीत, असा सल्ला असतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये या सर्व गोळ्यांवरील ठळक इशाऱ्यात गैरवापर, अवलंबित्व आणि बंद करतानाचा त्रास या गोष्टी जोडल्या. दीर्घकाळ घेणाऱ्याने त्या एकदम थांबवल्या, तर झोप पूर्ण उडते, हातपाय थरथरतात, मूळची चिंता दुपटीने उसळते आणि काहींना फिट येते. तेव्हा 'सवयीची गोळी आहे, आजपासून बंद' असा बाणेदारपणा करण्यात शहाणपण नाही. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आठवड्या-आठवड्याने थोडी थोडी उतरवावी लागते. चिठ्ठी मागणारे दुकान आणि त्याच दिवशी भेटणारा डॉक्टर ही जोडी असेल तरच नकाराला अर्थ राहतो. या दुकानाने ती जोडी जमवली आहे, हे मी त्याच्या खात्यात जमा धरते. मात्र हे सर्व त्या एका फार्मासिस्टाच्या ओळखीवर आणि स्वभावावर चालते, हेही नोंदवायला हवे.

माझी स्वतःची मुख्य गोळी वेगळ्या जातीची आहे. एस्सिटालोप्राम असे तिचे नाव. सर्ट्रालिन आणि पॅरोक्सेटिन तिच्याच वर्गातली. दीर्घकाळच्या चिंतेसाठी डॉक्टर सहसा याच वर्गातील औषधाने सुरुवात करतात, आणि या वर्गाची सर्वांत मोठी अडचण अशी की त्रास आधी दिसतो व गुण मागाहून. पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकेदुखी, झोपेत फरक, घाम, कधी कधी तर आधीपेक्षा जास्त बेचैनी होते. फरक जाणवायला दोन ते चार आठवडे आणि पूर्ण गुण यायला त्याहून अधिक काळ लागतो. दवाखान्यात गर्दी इतकी असते की डॉक्टरांनी हे सांगितले असले तरी माझ्या डोक्यात राहिले नव्हते. गोळीच्या पुडीवर फार्मासिस्टांनी मराठीत 'सकाळी नाश्त्यानंतर १' असे लिहिले आणि म्हणाले, "ताई, पहिल्या आठवड्यावरून गोळीची परीक्षा करू नका. पण मनात स्वतःला काही करून घ्यावे असे विचार आले, तर आठवडा संपण्याची वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा." हा इशारा विशेषतः पंचविशीच्या आतील तरुणांना लागू आहे, उपचाराच्या सुरुवातीला आणि प्रमाण बदलताना त्यांच्याकडे घरच्यांनी लक्ष ठेवले पाहिजे. ज्या घरात मुलगा किंवा मुलगी पुण्याला अथवा नाशिकला खोली घेऊन परीक्षेचा अभ्यास करत आहे आणि तेथेच ही औषधे सुरू झाली आहेत, तेथे हे लक्ष ठेवणे फोनवरच करावे लागते, तरी करावे.

गोळी चुकली तर काय करावे, हे मी काउंटरवरच शिकले. आठवण होईल तेव्हा घ्यावी. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्यावी. दोन एकदम घेऊ नयेत. आणि बरे वाटू लागले म्हणून आपल्या मनाने थांबू नये, कारण याही औषधांचे असे आहे की एकदम सोडली तर चक्कर येते, चिडचिड होते, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे वाटते. आपल्याकडे हा घोळ आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, हमखास होतो. माहेरी जायचे म्हणून बॅग भरली जाते, गोळ्या मात्र 'तिकडे कोणी पाहिल्या तर काय म्हणतील' म्हणून घरीच राहतात, आणि चार-पाच दिवसांनी झोके, गाणी, पुरणपोळी या सगळ्यांत बाई डोके धरून बसलेली असते. प्रवासाला निघताना पुरेशा गोळ्या मूळ पाकिटातच आणि चिठ्ठीची प्रत सोबत ठेवावी, असा या दुकानाचा सल्ला आहे. आखाजीच्या आधीच्या आठवड्यात ते नेहमीच्या गिऱ्हाइकांना आपण होऊन त्याची आठवण करतात, ही मला फार विचारपूर्वक केलेली गोष्ट वाटते.

'प्लस'विषयीही लिहिले पाहिजे. एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत घातलेली अनेक उत्पादने बाजारात आहेत आणि त्यांतल्या कित्येकांच्या नावाच्या शेवटी 'प्लस' असते. पहिल्या काही आठवड्यांत संथ गोळीचा गुण येईपर्यंत झटपट गोळीचा आधार द्यावा, या विचाराने डॉक्टर ती देतात. अडचण पुढे येते. एक औषध काही महिने चालू ठेवायचे आणि दुसरे लवकर उतरवायचे, हे एकाच गोळीत बांधलेल्या दोन औषधांना कसे जमणार? मला अशी गोळी लिहिली गेली तेव्हा फार्मासिस्टांनी तिच्यात दोन औषधे आहेत हे पाकिटाच्या मागची बारीक अक्षरे दाखवून सांगितले आणि 'किती दिवसांनी साध्या गोळीवर यायचे, हे डॉक्टरांना विचारून घ्या' एवढेच म्हटले. स्वतः गोळी बदलून दिली नाही. तसे करण्याची त्यांना मुभाही नाही, कारण 'एच' यादीतील, म्हणजे चिठ्ठीवरच विकता येणाऱ्या, औषधाच्या जागी विक्रेत्याने परस्पर दुसरे उत्पादन देऊ नये, असा नियम आहे. 'तेच आहे हो, कंपनी फक्त वेगळी' असे म्हणून हातात काहीही ठेवणाऱ्या दुकानांनी मला इतकी वर्षे सवलत दिली असे वाटत होते. तिच्यामागे काय सुटत होते, ते आता कळते.

या दुकानातील सर्वांत उपयोगी प्रश्न चार शब्दांचा आहे : "अजून काय चालू आहे?" चिंतेची गोळी घेणारा माणूस तीच एक गोळी घेत नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात गजकर्णाचा त्रास घरोघर असतो आणि त्यावर इट्राकोनाझोलच्या कॅप्सुली दिल्या जातात. हेच औषध यकृतात अल्प्राझोलामचा निचरा रोखते, त्यामुळे तेवढ्याच गोळीची गुंगी कितीतरी वाढते. ही दोन्ही औषधे एकत्र देऊ नयेत, असे स्पष्ट सांगितलेले आहे. त्वचेच्या डॉक्टरांना मनाच्या गोळीविषयी सांगायला रुग्ण लाजतो, आणि मनाच्या डॉक्टरांना गजकर्ण सांगण्याजोगे वाटत नाही. दोन्ही चिठ्ठ्या एकत्र येतात त्या फक्त मेडिकलच्या काउंटरवर. गुडघेदुखीसाठी डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन घेणाऱ्यांना एस्सिटालोप्रामबरोबर पोटातील रक्तस्रावाचा धोका वाढतो. ट्रॅमाडॉल ही वेदनाशामक गोळी या वर्गाबरोबर घेतली तर थरथर, घाम, ताप आणि गोंधळ असा गंभीर प्रकार होऊ शकतो, शिवाय बेंझोडायझेपिनबरोबर घेतली तर श्वास मंदावतो. धडधड थांबावी म्हणून दिले जाणारे प्रोप्रानोलोल दमेकऱ्याला चालत नाही. सर्दीच्या काही गोळ्यांनीही सुस्ती वाढते. ज्या चूर्णावर घटकच लिहिलेले नाहीत, त्याची बाटली घेऊन या, असे येथे सांगतात.

दारूविषयी ते कोणाचीही भीड ठेवत नाहीत. लग्नसराईत नवरदेवाच्या मित्रमंडळींबरोबर 'थोडीशी' घेणारे आणि सातपुड्याच्या पायथ्याशी मोहाची घेणारे, दोघांनाही एकच उत्तर मिळते : बेंझोडायझेपिन आणि दारू एकत्र आल्यास झोपेतच श्वास बंद पडू शकतो. गोळी सुरू झाल्यावर गुंगीचा अंदाज येईपर्यंत मोटारसायकल आणि ट्रॅक्टर चालवू नये, हेही ते पुडीवर लिहून देतात. शेतकरी गिऱ्हाईक यावर हसते. पुडी मात्र खिशात जाते.

आता ऊन. जळगाव-भुसावळच्या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि अमळनेर त्यापासून फार लांब नाही. बहुतेक गोळ्यांच्या पाकिटावर २५ किंवा ३० अंशांच्या आत, ओल आणि उजेड यांपासून दूर ठेवा, असे छापलेले असते. स्कूटरच्या डिकीत दुपारभर राहिलेले पाकीट, स्वयंपाकघरात गॅसच्या वरच्या फळीवरचा डबा, पत्र्याच्या खोलीतील खिडकी या जागा म्हणूनच टाळाव्यात. आम्ही गोळ्या मधल्या खोलीत, भिंतीतल्या कोनाड्यातल्या कुलुपाच्या डब्यात ठेवतो. कुलूप उन्हासाठी नव्हे, नातवंडांसाठी आहे. या मुद्द्यावर दुकानालाही पूर्ण गुण देता येत नाहीत. तेथे वातानुकूलन आहे, पण वीज गेली की इन्व्हर्टरवर फक्त इन्सुलिनचा फ्रीज आणि संगणक चालतो, आणि भर दुपारी पश्चिमेच्या भिंतीवरील कपाटे तापलेली हाताला जाणवतात. मालकांनी निदान तेथील औषधे हलवावीत.

पाकीट कापून देण्याचीही तक्रार आहे. दहाच्या पाकिटातील सहा गोळ्या हव्या असतील तर मुदतीची तारीख ज्या टोकाला छापलेली असते, ते टोक बऱ्याचदा दुकानातच राहते. बिलावर बॅच क्रमांक आणि मुदत छापलेली असते हे खरे, पण बिल आणि गोळ्या घरात किती दिवस एकत्र राहतात? शक्य असेल तर डॉक्टरांकडून पूर्ण पाकिटाच्या हिशेबाने दिवस लिहून घ्यावेत.

दुकान जेथे खरोखर कमी पडते, ती बाब म्हणजे खासगीपणा. काउंटर रस्त्याला लागून आहे, रांग अशी नाहीच, आणि फार्मासिस्ट कितीही हळू बोलले तरी मदतनीस मुलगा आतल्या कपाटापाशी उभा राहून, "टेन्शनची का झोपेची?" असे साऱ्या बाजाराला ऐकू जाईल असे विचारतो. छोट्या गावात एवढे पुरते. दुसऱ्या दिवशी चुलत जाऊ फोन करून "सगळं ठीक आहे ना गं?" असे विचारते आणि त्यातली काळजी खरी असली तरी माणूस पुढच्या महिन्यात दुकानाकडे फिरकत नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ ने रुग्णाच्या उपचारांविषयीची माहिती गोपनीय राहण्याचा हक्क मान्य केला आहे. दवाखान्यात जी अदब कायद्याने अपेक्षित आहे, ती औषधाच्या काउंटरवर शिष्टाचार म्हणून तरी असावी. मी हे मालकांना सांगितले. त्यांनी मुलाला समज दिली, पण आडोसा करण्यासाठी जागा नाही असे उत्तर मिळाले. माझ्या मते एक खुर्ची आणि एक पडदा यांना फारशी जागा लागत नाही. दुपारी दोन ते चार गर्दी नसते. ज्यांना मोकळेपणाने विचारायचे आहे त्यांनी ऊन सोसून त्या वेळी जावे.

किमतीच्या बाबतीत दुकान इतरांसारखेच आहे, सवलत जवळजवळ नाही. ज्यांना महिन्याचा खर्च जड जातो, त्यांना फार्मासिस्ट स्वतःच प्रधानमंत्री जनऔषधी केंद्राचा पर्याय सुचवतात. अट एवढीच, की डॉक्टरांकडून औषधाचे मूळ नाव ठळक, सुवाच्य अक्षरांत लिहून घ्यावे, म्हणजे तेथे जुळवाजुळवीला वाव राहत नाही. स्वतःचे गिऱ्हाईक दुसरीकडे पाठवणारा दुकानदार मी तरी दुसरा पाहिलेला नाही. घरपोच औषधे मागवण्याचा मार्ग मी वापरून पाहिला. गोळ्या मिळाल्या, पण "अजून काय चालू आहे" हा प्रश्न कोणी विचारला नाही, आणि मे महिन्यात खोक्यात बसून आलेल्या गोळ्यांविषयी मन साशंक राहिले. गावातील दुसऱ्या एका दुकानात मला चिठ्ठी न पाहता, "हिच्यापेक्षा भारी आहे, ही घेऊन पाहा," असे म्हणून एक वेगळेच पाकीट पुढे करण्यात आले होते. तेथे मी परत गेले नाही.

ज्यांच्याजवळ अद्याप चिठ्ठीच नाही, त्यांना हे दुकान काय देते? औषध नाही, पण पत्ता देते. जळगाव आणि धुळे येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत, आणि १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या 'टेली-मानस' या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतही चालतो. हा क्रमांक काउंटरच्या काचेवर चिकटवलेला आहे. त्याच्याच खाली, औषधाचा विपरीत परिणाम कळवण्यासाठीचा १८००-१८०-३०२४ हा क्रमांक आहे. रुग्णही स्वतः तेथे तक्रार नोंदवू शकतो, हे बहुतेकांना ठाऊक नसते आणि मलाही काचेवरचा तो कागद वाचेपर्यंत ठाऊक नव्हते.

जाण्याआधी एक ध्यानात ठेवावे. रविवारी फार्मासिस्टांची सुट्टी असते. दुकान उघडे असते, मालक आणि तो मुलगा बसतात, साबण, पावडर, लहान मुलांचे दूध, मलमपट्टी हे सर्व मिळते. मात्र नोंदणीकृत फार्मासिस्ट हजर नसल्याने चिठ्ठीवरची औषधे त्या दिवशी दिली जात नाहीत, मग तुमची चिठ्ठी कितीही ताजी असो आणि तुम्ही कितीही ओळखीचे असा. गोळ्या संपत आल्या असतील तर शनिवारी संध्याकाळी साडेआठच्या आत पोहोचावे.